बाविसावा सेकंद

व्रोत्सवाफमध्ये नोव्हेंबरात चारच्या आतच दिवे लागतात.
तळघरात बसून आम्ही ऊन धरायचा सापळा बनवतो,
असं मी आईला फोनवर सांगायचो.
खरं तर काचा नासवत होतो.
त्या महिन्यात एकशे चौदा.

नायट्रोजनच्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालायचे,
टपालतिकिटाएवढ्या काचेवर
पिवळ्या द्रावणाचे थेंब सोडायचे,
काच गरगरू लागते, मिनिटाला पाच हजार फेरे,
आणि मधेच केव्हातरी वरून
दुसऱ्या द्रवाची एकच धार.
केव्हातरी म्हणजे विसाव्या सेकंदाला, असं टिपणवहीत होतं.
मी विसावा सेकंद कधीच चुकवला नाही.
तरी माझ्या काचा राखेच्या रंगाच्या,
वर सुयांचं रान.

येंजेय प्रबंध बांधणीला टाकून निघायच्या घाईत होता.
म्हणाला, हाल्श्काला विचार.

हाल्श्का आमच्याकडे भांडी विसळते, सिलिंडर मोजते.
त्याआधी एकवीस वर्षं बोलेस्वाव्येत्सला
मातीच्या किटल्यांवर स्पंजाच्या शिक्क्यानं
निळे मोरडोळे उठवायची.
दिवसाला नऊशे डोळे.
एकही पुसट नाही, म्हणते.
मी मोजायला गेलो नव्हतो.

तिनं घड्याळ पालथं घातलं.
“बघ, त्याच्या पोटात आता मावत नाहीये,
तरी धरून बसलंय.
चर्चच्या हॉलमधलं जेवण पाहिलंयस ना?
सगळे ताटकळत उभे, पहिली खुर्ची कुणी ओढायची?
दोघंतिघंच आधी बसले तर हातपाय पसरून बसतात,
मग बाकीच्यांना जागा उरत नाही.
सगळ्यांना एकदम बसवायचं असतं.”

आणि काचेचा काठ धुरकटणार, अजून धुरकटलेला नाही,
त्या अर्ध्या श्वासात
तिचं मनगट वळलं.

पालथ्या घड्याळाच्या मागे मी मनात मोजत होतो. बावीस.

शंभर अंशांच्या तव्यावर
काच आधी मधाच्या रंगाची झाली,
मग चहाच्या,
मग राईच्या पावाच्या करपल्या कडेसारखी,
मग काळी, आणि काळी असून लख्ख.
हाल्श्कानं तिच्यात बघून
टोपीबाहेर आलेली बट आत खोचली.

सूक्ष्मदर्शकाखाली तिला दाखवलं:
केसाच्या जाडीत दोनशे मावतील असे कण,
खेटून बसलेले, तोंडं मात्र दाही दिशांना.
मी म्हणालो, प्रत्येक आपापल्या जागी जन्मला,
वाढत गेला,
शेजारी आडवा आला तेव्हा थांबला.
तीच ही रेघ.
या रेघांत आमचे इलेक्ट्रॉन हरवतात.

ती बराच वेळ भिंगावर वाकून होती.
“ही तर आमची गल्ली.
आजी ल्वूफहून मालगाडीत आली,
शिवणयंत्र आणि एक बकरी घेऊन.
वरच्या मजल्यावर विल्नोचे,
खाली जर्मन बाईचं सामान अजून बांधून व्हायचं होतं.
एका जिन्यात बटाट्याला तीन शब्द.
आणि हरवायचं ते जिन्यातच.
कोळसा जास्तकरून.”

मग?

“मग काय. कुणाच्या तरी घरातलं मीठ संपलं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही द्रावणात
पोटॅशियमच्या मिठाची चिमूट घातली.
तिच्या बोलण्यावरून नव्हे,
येंजेयच्या वहीत ते आधीच लिहिलेलं होतं,
हे मी दोनदा तपासलं.
गळती कमी झाली.
आकडा एकोणीसच्या पुढे सरकला, आम्ही केक कापला,
हाल्श्कानं तिचा तुकडा रुमालात बांधून घरी नेला.

अठ्ठाविसाव्या दिवशी
एका कोपऱ्यातून ओल शिरली
आणि काच काठाकडून परत पिवळी पडत आली,
जणू काही घडलंच नव्हतं.

मी ती दिव्यासमोर धरून उभा होतो.
हाल्श्कानं हातातून काढून घेतली,
शिशाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली,
झाकण घट्ट लावलं.
“किटल्याही तडकायच्या भट्टीत.
पुढची लाव.”

मी लावली. घड्याळ तिनं न सांगताच पालथं घातलं,
आणि बहुधा एका सेकंदानं
घाई केली.